कोचबाईंच्या विरोधातलं पत्रक

माझी बी.फार्म.ची पदवी न्यूझीलंडमध्ये जशीच्या तशी चालत नव्हती. इथली परीक्षा पास होईपर्यंत मी पेनरोजच्या एका औषधांच्या गोदामात खोके उचलत होते. राहायला ताई-भाऊजींकडे होते. ताई हॉस्पिटलात नर्स, तिचे शनिवार बहुधा ड्यूटीत जायचे. भाऊजी एका केमिस्टकडे फार्मासिस्ट. त्यांना शनिवारी दुपारी सुट्टी असायची आणि क्रिकेटवाचून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. म्हणून मी त्यांना आमच्या सॉफ्टबॉलला नेऊ लागले.

आमच्या म्हणजे गोदामातल्या आणि शेजारच्या बेकरीतल्या बायकांच्या टीमच्या. मी खेळत नव्हते, संत्री कापायचे. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलच. फक्त चेंडू मोठा आणि तो हात खालून फिरवून टाकायचा. चेंडू मारून चार बेस, म्हणजे चार टप्पे, पळत गाठले की एक धाव. आदल्या उन्हाळ्यात ही टीम एकही सामना जिंकली नव्हती. म्हणून क्लबनं नवीन कोच आणली: पन्नाशीची, रुंद खांद्यांची एक माओरी बाई. आठवडाभर ती शाळेची बस चालवायची. मैदानावर ओरडायची नाही. तिसऱ्या बेसजवळ उभी राहून टोपीला, कोपराला, पट्ट्याला हात लावून खुणा करायची. खुणा संपल्या की हात मागे बांधायची.

मैदानाच्या कडेला गवताचा उंचवटा होता, तिथं प्रेक्षक घडीच्या खुर्च्या टाकून बसत. कोचचा न्यायनिवाडा करणं हेच त्यांचं खरं काम. क्लबहाउसच्या दाराशी एक फळा होता, त्यावर दोन रकाने: ‘राहू दे’ आणि ‘जाऊ दे’. सामना संपला की ज्याला वाटेल त्यानं खडूनं एक रेघ ओढायची. फळ्यावरून काही ठरत नसे. पण जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी क्लबची बैठक असायची. तिथं खेळाडू आणि नेहमीचे प्रेक्षक हात वर करून सांगायचे, कोचला उरलेल्या मोसमासाठी ठेवायचं की नाही. बैठकीत काय होणार, ते फळ्यावरून आधीच कळायचं.

पहिले तीन सामने आम्ही हरलो. ‘जाऊ दे’खाली रेघांचं रान माजलं. माझ्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा बसायचे, ते म्हणाले, “बस चालवणारी बाई आहे, लव्ह. थांब्यावर थांबण्यात तरबेज.”

मग चौथा सामना आम्ही जिंकलो. पाचवाही. नाताळच्या आधी सहावा. आजोबांनी गुपचूप जाऊन ‘राहू दे’खाली रेघ ओढली. मी टोकलं तेव्हा म्हणाले, “माणसानं मन मोठं ठेवावं.”

भाऊजींनी तोवर औषधांच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर कोचबाईंच्या खुणा टिपायला सुरुवात केली होती. “हे बघा मेहुणीबाई. टोपी, कोपर, पट्टा. म्हणजे बंट. शंभर टक्के.”

बंट म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू पुढ्यातच टपकवायचा. मारणारी पळते, बहुतेकदा बाद होते, पण आधी बेसवर असलेली तिची जोडीदारीण तेवढ्यात एक बेस पुढे सरकते. भाऊजींना हे सहनच व्हायचं नाही. “मुद्दाम बाद व्हायचं? आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर पुढच्या सामन्यात पाणी द्यायला ठेवला असता!”

त्यांच्या पॅडवरूनच माझ्या लक्षात आलं की बंटची खूण जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच बाईला होते. ती टोंगा बेटांवरची, चाळिशीची, तीन मुलांची आई. गोदामात माझ्याच रांगेत काम करायची. सलाइनचे खोके सगळ्यांत खालच्या फळीवर, आणि ते कायम तिच्याच वाट्याला. कारण ती दणकट दिसायची आणि नाही म्हणायची नाही. आणि इथं शनिवारीसुद्धा तेच. बाकीच्यांनी दणदणीत फटके मारायचे, टाळ्या घ्यायच्या. हिनं चेंडू टपकवायचा आणि बाद होऊन बाकावर येऊन बसायचं.

माझं डोकं फिरलं. मी इचलकरंजीत वाढले. वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं काम करायचे. आमच्या स्वयंपाकघरात सायक्लोस्टाइलचं मशीन होतं आणि मी अक्षरं गिरवायला शिकले ती उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर. काय घडलं, कोणामुळे घडलं, आपली मागणी काय: जगातलं काहीही या तीन परिच्छेदांत बसवता येतं, असं मला खरोखर वाटायचं. अजूनही बरंचसं वाटतं. इथं आले तेव्हा युनियन मोडीत निघाल्या होत्या, ज्याचा त्याचा वेगळा करार. गोदामात कोणी कोणासाठी बोलत नव्हतं. मग मी बोलले. तेही गोदामात नाही, मैदानावर.

मी एक पत्रक लिहिलं. भाऊजींनी ते वाचलं. “अहो, पण जिंकतोय ना आपण?”

“जिंकलं म्हणजे अन्याय धुऊन निघतो का भाऊजी?”

“बाप रे,” ते म्हणाले. “सासरेबुवांचा आवाज आला.” तरी लायब्ररीत जाऊन चाळीस झेरॉक्स त्यांनीच काढून आणल्या.

‘कायम तीच का?’ असा मथळा होता. एकाच खेळाडूच्या जिवावर टीम पुढे जाते, ती ओझ्याखाली आणि बाकीच्या नावारूपाला. याला कोच जबाबदार. तिला मोकळेपणानं बॅट फिरवू द्या, नाहीतर कोच बदला. जानेवारीतल्या बैठकीच्या आदल्या शनिवारी मी सॉसेज-पावाच्या रांगेत प्रत्येकाच्या हातात एकेक दिलं. एक आमच्या गोदामाच्या सुपरवायझरनं घेतलं. तो दर शनिवारी यायचा आणि सनस्क्रीन चोपडून पांढराफटक होऊन बसायचा. एक पत्रक वाऱ्यानं मैदानात गेलं. कोचबाईंनी ते उचललं, उभ्या उभ्या वाचलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि तिसऱ्या बेसकडे चालू लागल्या.

प्रेक्षकांना जिंकण्याचा थोडा कंटाळाच आला असावा. पत्रक त्यांनी उचलून धरलं. आजोबा म्हणाले, “बरोबर आहे. मला कधीपासून खटकत होतं.” तसं काही त्यांना खटकलं नव्हतं, हे मला माहीत होतं, पण मी खूश झाले.

शेवटच्या डावात दोन्ही संघ बरोबरीत होते. आमची एक खेळाडू दुसऱ्या बेसवर, एकही बाद नाही, आणि बॅट घेऊन आली ती ही टोंगाचीच. उंचवट्यावरून आरडाओरडा सुरू झाला. “मारू द्या तिला! मारू द्या तिला!” सुपरवायझर तर खुर्चीवर उभा राहिला. “मार गं! खोके उचलतेस ना, मग एवढं काय!”

टोपी, कोपर, पट्टा. भाऊजी पुटपुटले, “बंट.”

तिनं खूण पाहिली. मग मान वळवून आमच्याकडे पाहिलं. आणि पुढच्या चेंडूवर तिनं बॅट आडवी न धरता सगळा जीव लावून फिरवली. चेंडू बॅटच्या कडेला लागून सरळ वर उडाला. तो झेलला जाईपर्यंत ती पळालीसुद्धा नाही. बॅट तिच्या हातातून निसटली होती. डावा हात उजव्या खांद्यावर नेऊन ती सावकाश बाकाकडे गेली. पुढच्या दोघीही झटपट बाद झाल्या, तिघी बाद म्हणून डाव संपला, मग जादा डावात समोरच्यांनी एक धाव जास्त काढली आणि सामना आम्ही हरलो.

लोक चिडले, पण तिच्यावर नाही. “निदान धाडस तरी केलं पोरीनं! कोचनं तिची सवयच मोडून टाकली होती.” फळ्यावर ‘जाऊ दे’खाली रेघांची रीघ लागली. घरी जाताना भाऊजी गाडीत म्हणाले, “मेहुणीबाई, तुमचं पत्रक चाललं.” मला झोप उत्तम लागली.

सोमवारी गोदामातल्या बायकांच्या खोलीत ती एकटीच होती. निळा कोट अंगात चढवत होती. डावी बाही चढली. उजवा हात मात्र छातीच्या वर जाईना. तिनं कोट काढला, आधी उजवी बाही चढवली, मग डावी. मी दारातच उभी राहिले.

“दार लाव,” ती म्हणाली.

मी लावलं.

“ऑक्टोबरपासून आहे. सलाइनचे खोके.”

“मग तू दुखापतीचा फॉर्म का भरला नाहीस? उपचार फुकट मिळतात की!”

“मिळतात. आणि फेब्रुवारीत माझ्या पुढच्या करारावर सही होणार आहे. खांदा मोडलेल्या बाईच्या करारावर कोण सही करतं, सांग बरं?” ती आवाज चढवत नव्हती. “मी टीम सोडायला निघाले होते. सोडली असती तर सुपरवायझरनं विचारलं असतं, का सोडलीस. कोच म्हणाली, बंटला खांदा लागत नाही, मनगट लागतं. दर गुरुवारी सराव संपल्यावर मला एकटीला तासभर शिकवलं तिनं. मला येतं ते आता. त्या जिंकलेल्या सामन्यांत कोण कशामुळे पुढे सरकलं, कळलं का तुला?”

मी दाराला पाठ टेकली.

“माझ्यावर एवढं लिहिलंस, गर्ल. शेजारच्याच रांगेत तर उभी असतेस. एकदा विचारायचंस.”

“शनिवारी बैठक आहे,” मी म्हणाले. “मी सगळ्यांना खरं काय ते सांगते.”

“सुपरवायझर तिथं असेल.”

“मग कोचला काढतील.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तरी सांगायचं नाही.”

गुरुवारी संध्याकाळी मी मैदानावर गेले. कोचबाई पांढऱ्या पावडरीची गाडी ढकलत रेषा आखत होत्या. मी त्यांच्या बरोबरीनं चालत माफी मागितली. त्या म्हणाल्या, “पत्रक चांगलं लिहिलंयस. पटकन कळतं.”

“तुम्ही उत्तर का दिलं नाही?”

“मी उत्तर दिलं की पुढचा प्रश्न तिला विचारतील.” रेषा वाकडी झाली होती, ती त्यांनी बुटानं पुसली. “चार महिने ही मंडळी मला शिव्या घालतायत, डिअर. आणखी थोड्या घालतील.”

“पण तुम्हाला काढलं तर?”

आता मात्र त्या थांबल्या. “तर वाईट वाटेल. नवरा गेल्यापासून माझे शनिवार म्हणजे हेच मैदान.” आणि पुन्हा गाडी ढकलू लागल्या.

घरी येऊन मी कागद घेऊन बसले. नवं पत्रक लिहायचं होतं आणि त्यात काय घडलं हेच लिहायची सोय नव्हती. अन्याय होता, माझ्या डोळ्यांसमोर होता, खालच्या फळीवर रचलेला होता. बोट मात्र मी भलत्याच माणसाकडे दाखवलं होतं. जी बाई स्वतः बोलणी खाऊन त्या दुखऱ्या खांद्यावर पांघरूण घालत होती तिच्याकडे. हे सगळं तीन परिच्छेदांत सहज बसलं असतं. मी कागद तसाच ठेवून उठले.

शनिवारी क्लबहाउस गच्च भरलं होतं. सेक्रेटरींनी विचारलं, कोणाला बोलायचंय का. मी उभी राहिले.

“ते पत्रक मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. मी ते मागे घेते. कोचना राहू द्या.”

सगळे पुढचं ऐकायला थांबले.

“मग तू खोटं लिहिलंस का, लव्ह?” आजोबांनी विचारलं.

“खोटं नाही. मला जे माहीत नव्हतं, ते माहीत असल्यासारखं लिहिलं.”

“आणि आता काय माहीत झालं?”

“ते सांगता येणार नाही.”

हशा पिकला. सुपरवायझर म्हणाला, “गोदामात तर ही क्षणभर गप्प नसते!” मागून कोणीतरी म्हणालं, “कोचनं हिला सॉसेज चारलं वाटतं.” माझ्याकडे उत्तर होतं, एका वाक्याचं, आणि ते जिभेवर आलं होतं. मी खाली बसले. कारण न देता खाली बसण्याची माझी ती पहिलीच वेळ.

“राहू दे म्हणणाऱ्यांनी हात वर करा,” सेक्रेटरी म्हणाले.

बेकरीतल्या बायकांचे हात लगेच वर गेले. भाऊजींनीही वर केला, मी चकित होऊन पाहिलं तर कानाशी म्हणाले, “तुम्ही गप्प बसलात म्हणजे कारण तसंच मोठं असणार.” आजोबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग अर्धा हात वर केला. सेक्रेटरींनी विचारलं, “पूर्ण की अर्धा?” तेव्हा त्यांनी तो कुरकुरत पूर्ण वर नेला.

ती खिडकीपाशी सुपरवायझरच्या शेजारीच उभी होती. उजव्या हातात सॉसेज-पावाची बशी, आणि डावा हात सरळ वर. बशी हातात असल्यावर माणूस डावाच हात वर करणार. कोणाला काही वेगळं वाटलं नाही. सॉसेज केव्हाच गार झालं होतं. तिनं त्याला तोंडही लावलं नव्हतं.

मोजणी दोनदा झाली. दोन हातांच्या फरकानं कोचबाई राहिल्या. टाळ्या विरळच पडल्या. कोचबाई उभ्या राहून म्हणाल्या, “गुरुवारी सराव. पाऊस असला तरी.” आणि खाली बसल्या.

खुर्च्या सरकू लागल्या. सुपरवायझर तिच्याकडे वळून हसत म्हणाला, “मग? पुढच्या शनिवारी फटका बघायला मिळणार ना?”

“कोच सांगेल तसं,” ती म्हणाली, आणि बशी डाव्या हातात घेतली.