ढाणकीहून थेट चीनला

नांदेडला गाडीतून उतरले तेव्हा माझ्या हातात कपड्यांच्या पिशवीपेक्षा जड असा एक काळा डबा होता. आमची पुण्याची कंपनी चीनला जोडणाऱ्या थेट लाइनी भाड्याने देते. साधं इंटरनेट दहा गावं हिंडत जातं. आमची लाइन मुंबईहून निघाली की सरळ शांघाय. तिचं महिन्याचं भाडं ऐकून मोठे कारखानदारही घोटभर पाणी मागतात. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीच्या एका डाळ-गिरणीवाल्याने ती मागितली, तेव्हा साहेबांनी आधी ढाणकी नकाशात शोधायला लावली.

उमरखेडपर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी जीप. तुरी निघून गेल्या होत्या, रानात नुसती खुटं उभी होती. गिरणीचे मालक सलीमभाई फाटकातच उभे होते.

"आनला का चीन?" त्यांनी डब्याकडे बघत विचारलं.

भानगड अशी होती. डाळीतले खडे आणि काळे दाणे ओळखून हवेच्या फुंकरीने उडवणारं त्यांचं चिनी यंत्र वीस दिवसांपासून उलटं वागत होतं. चांगली डाळ फेकायचं आणि खडे मोठ्या मानाने पोत्यात भरायचं. चिनी कारखान्याचं बोलण्याचं अ‍ॅप आपल्याकडे बंद, आपलं त्यांच्याकडे बंद. ई-मेलवर सलीमभाई विचारत, "मशीन खडे काहून ठेवते?" उत्तर येई, "कृपया खडे टाकू नका."

आवारात तीसेक बाया सुपं घेऊन डाळ निवडत बसल्या होत्या. यंत्र बिघडल्यापासून त्यांना पुन्हा रोजी मिळाली होती.

आधी जेवण झालं. पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) आणि ज्वारीची भाकर. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. "तिखट कमीच टाकलं," सलीमभाई गंभीरपणे म्हणाले.

मग मी फरक कळावा म्हणून आधी साध्या इंटरनेटवरून, आमच्या कंपनीच्या अ‍ॅपने चीनला व्हिडिओ फोन लावला. पडद्यावर लिन नावाची तंत्रज्ञ बाई आली, तिने एक बोट वर केलं आणि चित्र तिथेच गोठलं. सगळी गिरणी त्या बोटाकडे बघत राहिली.

"वर दाखवून राह्यली ना बाई," गजानन हमाल म्हणाला आणि शिडी लावून पत्र्यावर चढला. वर कबुतराचं घरटं सापडलं. ते त्याने आदराने खाली आणलं. यंत्र सुरू करून बघितलं. खडे तसेच पोत्यात.

मी डबा जोडला. आमची लाइन दाखवायला म्हणून अर्धा तास फुकट मिळते. लिन अशी समोर आली की सलीमभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. बोट म्हणजे "एक मिनिट थांबा," एवढंच होतं. ती इंग्रजीत बोलत होती, मी मराठीत सांगत होते. तिने यंत्राभोवती कॅमेरा फिरवायला लावला. मागे एक झाकण होतं. त्यावर लाल चिनी अक्षरं आणि सलीमभाईंनी लावलेलं कुलूप.

"हे कुलूप कशाला?" लिनने विचारलं.

"धोका लिवला हाय ना त्याच्यावर! कोनाचा हात लागला म्हंजे?"

लिनने अक्षरं वाचून दाखवली. 'हे रोज उघडा. आतली काच पुसा.'

किल्ली शोधायला दहा मिनिटं गेली. काचेवर बोटभर भुकटी होती. गजाननने खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली, आणि यंत्र खडे उडवू लागलं. उरलेल्या वेळात लिनने डाळ कशी शिजवतात ते विचारलं आणि सलीमभाईंनी ते फोडणीपर्यंत सांगितलं.

चहा देताना ते म्हणाले, "लाइन बढिया हाय, मॅडम. पन मले चीनकडून एकच वाक्य पायजे होतं. त्याच्यासाठी मयन्याचं भाडं कायले?"

मी डबा आवरायला घेतला. बाहेर मुनीम बायांना सांगत होता, उद्यापासून येऊ नका.

परतीच्या जीपमध्ये त्यातल्याच कमलबाई माझ्या शेजारी बसल्या. उमरखेडच्या दुसऱ्या एका गिरणीत काम विचारायला निघाल्या होत्या.

"तिथली मशीन बी खडेच भरून राह्यली म्हनते," त्या म्हणाल्या. "थे बी चीनचीच हाय. तुमाले तिथं नाई ना बोलावलं?"

बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला.

मी खरं सांगितलं. शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तितक्या सहज कमलबाई म्हणाल्या, "मंग पुढच्या हप्त्यात जा ना, बाई."

लाइन हळू झाली म्हणून लोक माझ्यावर ओरडतात, ते ऐकण्यात आणि 'मधल्या टप्प्यात अडचण आहे' हे ठरलेलं उत्तर देण्यात माझी पंधरा वर्षं गेली. लाइन फार वेगात आली अशी तक्रार कोणी केली नव्हती. उमरखेडला उतरून मी त्या गिरणीवाल्यांना फोन केला. डबा तपासायला पुण्याला न्यावा लागेल, पुढच्या आठवड्यात येते, असं सांगितलं. त्या मालकाचं यात नुकसान होतं, हे मला कळत होतं, तरी केलं.

पुण्याला आल्यावर साहेबांनी विचारलं, "उमरखेडला उशीर कशामुळे?"

"मधल्या टप्प्यात अडचण आहे," मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं.