बाराजणींचा वेग

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी मानसशास्त्राकडे वळले, तेव्हा घरच्यांनी ते वेड्यांचे शास्त्र समजून मूकपणे सोसले. विभागात मी 'सायन्सवाली' ठरले. निगडीहून दोन बस बदलून विद्यापीठात पोचायचे, आणि तिथे माणूस शब्द कसा ओळखतो, मनात साठवतो, पुन्हा कसा शोधून काढतो, हे शिकायचे. या प्रश्नांवरची पुस्तके मी अधाशीपणे वाचली. एकच गोष्ट खटके. प्रत्येक प्रयोगातली माणसे विद्यार्थीच असत. जगातली सारी मने महाविद्यालयांतच राहतात, असे त्या पुस्तकांवरून वाटावे.

म्हणून एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी मी दोन गट घेतले. एक महाविद्यालयीन मुलींचा, दुसरा कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांचा. प्रयोग साधा होता. चाळीस कार्डे, अर्ध्यांवर खरे मराठी शब्द, अर्ध्यांवर शब्दासारखी दिसणारी निरर्थक अक्षरे. वाचून दोन ढीग करायचे. लागलेला वेळ मी मोजायचा.

कारखान्यातल्या स्त्रिया काकूने मिळवून दिल्या. माझी काकू मोशीला राहायची आणि भोसरीच्या बाजूला एका कंपनीत तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळायची. ती आणि तिच्या अकरा मैत्रिणी, सगळ्या किमान सातवी झालेल्या, कंपनीच्या गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत तिच्या ओसरीवर जमल्या. मी गळ्यात स्टॉपवॉच अडकवले, हातात क्लिप लावलेली पाटी घेतली आणि एकेकीला बोलावले. बाकीच्या भिंतीला टेकून पाहत होत्या.

बाराही जणी मुलींच्या तुलनेत फार मंद निघाल्या.

माझ्या मार्गदर्शक सरांना आकडे आवडले. श्रमिक स्त्रियांमध्ये शब्दप्रक्रियेचा वेग कमी असतो, असा निष्कर्ष त्यांनी तिथल्या तिथे मला उतरवून घ्यायला लावला. पुढच्या संशोधनासाठी विभागात एकच शिष्यवृत्ती होती आणि तिला सरांची शिफारस लागे. असे नेटके काम असेल तर शिफारस झालीच समजा, असेही ते म्हणाले.

परतताना बसमध्ये मी आकड्यांचा कागद पुन्हा काढला. मुलींचे आकडे विखुरलेले होते. कोणी चपळ, कोणी संथ. या बाराजणींचे मात्र जवळजवळ एकसारखे. त्यांच्यातली एक कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, दुसरी पत्रही अक्षर अक्षर लावून वाचायची, आणि दोघींना लागलेला वेळ सारखा. मोजमापात इतका सारखेपणा दिसला की आधी उपकरणाबद्दल शंका घ्यावी, हे मला पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिकवले गेले होते.

पुढच्या गुरुवारी मी मोशीला गेले. काकू कंपनीचा निळा एप्रन पिळत होती. मी तिला सरळ विचारले, तुम्ही मुद्दाम हळू केलेत का.

"व्हय," ती म्हणाली आणि एप्रन दोरीवर टाकला. "गळ्यात घड्याळ, हातात पाटी. तसली मानसं आमी वळखतो."

कंपनीत तसा माणूस पाठीमागे येऊन उभा राही. सर्वांत चपळ हाताचा वेळ टिपून नेई, आणि पुढच्या महिन्यापासून तेवढे काम सगळ्यांना बंधनकारक होई. मागे पडणारीला मेमो. म्हणून घड्याळ दिसले की बायकांचा एक नियम होता, जो कोणी कोणाला सांगितलेला नव्हता.

"जी समद्यात सावकाश, तिच्या पुढं कुनी जायचं न्हाई," काकू म्हणाली.

"पण काकू, मी घरची आहे."

"घरची हायस म्हणून च्या दिला. घड्याळ कुठं घरचं हाय?"

मला राग आला, तो स्वतःचा. मी बाराजणींना एकत्र बसवून, एकमेकींसमोर मोजले होते. घड्याळाकडे न पाहता दुसरीच्या वेगाला आपला वेग चाळीस कार्डे संपेपर्यंत जुळवून धरणे, हे कोणत्या मंद मनाला जमेल? ज्याला सर कमतरता म्हणत होते, ते नेमके कौशल्य होते, आणि ते माझ्याविरुद्ध वापरले गेले होते.

घड्याळ लपवून पुन्हा मोजता आले असते. पण ती फसवणूक झाली असती. मी नवी कार्डे केली, कागदांवर कोणाचे नाव राहणार नाही आणि ते कंपनीत जाणार नाहीत हे सांगितले, आणि स्टॉपवॉच त्यांच्याच हाती दिले. त्यांची अट होती, आधी तू. मला वीस सुया ओवायला लावल्या. माझा वेळ ऐकून एकजण म्हणाली, "हिला ट्रेनिंगमधनंच घरी धाडत्याल." मग त्या एकेक करून आतल्या खोलीत बसल्या आणि एकमेकींचा वेळ त्यांनीच लावला.

यावेळी आकडे माणसांचे आले. दोघीतिघी खरोखरच संथ होत्या. काही मुलींच्या बरोबरीने गेल्या. काकूने बहुतेक मुलींना मागे टाकले.

सरांनी दुसरी फेरी वाचली आणि बाजूला ठेवली. घड्याळ प्रयुक्तांच्या, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग करायचा त्यांच्याच, हाती देणे अशास्त्रीय, म्हणाले. पहिली फेरी ठेवा, ही गाळा.

"प्रयोग तुम्ही केलात की त्या बायकांनी?"

"पहिला त्यांनी केला, सर. मला ते उशिरा कळले."

शिफारशीचा विचार करा, असे ते शांतपणे म्हणाले. मी विचार केलेला होता. दोन्ही फेऱ्या आणि त्यांमधले कारण मी एका प्रकरणात लिहिले आणि तुमची असहमती लेखी द्या, अशी विनंती केली. त्यांनी एक पान लिहून दिले. मी ते प्रबंधिकेत बांधून घेतले.

तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक सौम्य होते. दुसरी फेरी त्यांना पटली होती. बिघडलेली पहिली तेवढी काढून टाका, काम निर्दोष होईल, असे त्यांनी सुचवले.

मी नकार दिला. "ती बिघडलेली नाही. बाराजणींनी जे ठरवले, ते तिच्यात अचूक नोंदले गेले आहे."

मला द्वितीय वर्ग मिळाला. शिष्यवृत्ती दुसऱ्या विद्यार्थ्याकडे गेली.

त्याच आठवड्यात मी दुसऱ्या एका विद्यापीठाकडे पीएच.डी.साठी अर्ज पाठवला. लेखनाचा नमुना म्हणून तेच प्रकरण जोडले, एक ओळही न बदलता, सरांच्या पानासकट.