व्हिसावरचं तीर्थ

अगाफिया उकळत्या पातेल्याला घाबरत नसे, लाथाळ गायीला घाबरत नसे, पिऊन आलेल्या नवऱ्याला तर मुळीच नाही. गावच्या बालवाडीत तिने उभं आयुष्य रव्याची खीर आणि कोबीचं सार रांधण्यात घालवलं. तिथे तिचा दरारा असा की हेडबाईसुद्धा स्वयंपाकघरात विचारून पाय ठेवायच्या. पण समोर टोपीवाला माणूस आणि त्याच्या हातात शिक्का दिसला की या बाईची बोबडी वळायची. टपालवाल्याने सही मागितली तरी तिला वाटे, निघालं काहीतरी आपल्या नावावर.

गावात सगळे तिला हसत. ज्यांनी जुने दिवस पाहिलेत ते जरा बेताने हसत. तिच्या लहानपणी सरहद्दीवरची प्रुत नदी आमची नव्हतीच. काठाला काटेरी तार, आणि तारेअलीकडे दाताळं फिरवून सारखा केलेला मातीचा पट्टा, कुणी पाऊल टाकलं तर उमटावं म्हणून. एकदा पळालेल्या बदकामागे धावताना अगाफिया त्या पट्ट्यात शिरली. दुसऱ्या दिवशी शिपाई आले, शाळेतल्या पोरांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या पावलाचं माप घेतलं. हिचं जुळलं. हिला कुणी बोट लावलं नाही, बापाला मात्र गाडीत घालून नेलं. बरेच दिवसांनी तो परत आला, पण त्याने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. शिक्केवाल्यांची भीती तिच्या अंगात शिरली ती तेव्हा.

पुढे तार गेली, शिपाई गेले. नदीपलीकडे जाणंयेणं इतकं सोपं झालं की अगाफियाची एकुलती एक लेक दोम्निका पलीकडे याश शहरात शिकायला गेली आणि तिथल्याच कोस्तेल नावाच्या वायरमनशी लग्न करून बसली. अगाफियाही अधूनमधून चीजचा डबा घेऊन लेकीकडे जाऊन यायची. आणि मग एका नववर्षाच्या दिवशी पलीकडचा देश युरोपियन युनियनमध्ये गेला, आम्ही राहिलो अलीकडे. दोन्ही काठांवरच्या गायी ज्या नदीचं पाणी पितात ती ओलांडायला माणसांना व्हिसा लागू लागला. निमंत्रण आणा, विमा आणा, फोटो आणा, राजधानीत किशिनावला वकिलातीच्या दारात तिष्ठत बसा, आणि एवढं करून मिळेलच असं नाही. ज्यांनी हे नियम काढले त्यांच्या लेकी बहुधा शेजारच्याच गल्लीत दिल्या असाव्यात.

त्याच उन्हाळ्यात दोम्निकाच्या ऑपरेशनची तारीख लागली. तिच्या हृदयाची एक झडप लहानपणापासून अधू, ती आता बदलायची होती. "साधंच असतं गं आई हे हल्ली," ती फोनवर म्हणायची, "घाबरायचं काय त्यात!" पण अगाफियाने लेकीच्या आवाजावरून काय ते ओळखलं. वकिलातीच्या खिडकीशी ती अशी उभी राहिली जशी काही फाशीची शिक्षा ऐकायला आली आहे. व्हिसा मिळाला. नेमका ऑपरेशनच्या दिवसापासूनचा, एक दिवससुद्धा आधीचा नाही. सकाळी निघालं तर दुपारी तिला आत नेण्याआधी पोचता येणार होतं. अगाफियाला तेवढंच हवं होतं: लेक आत जाताना आपण तिथे असावं.

आमच्याकडे नवी विहीर असो, नवा ट्रॅक्टर असो की सैन्यात निघालेला पोरगा, फादरच्या हातचं तीर्थ पडल्याशिवाय काही मार्गी लागत नाही. शेजारच्या वासिलिसाने तर टीव्हीवरही शिंपडून घेतलं होतं. त्या वर्षी पाऊस असा रुसला की मका कमरेएवढा होऊन उभ्याउभ्या वाळला. फादर सेराफिम रोज शेताशेतातून तीर्थाची बादली घेऊन पावसासाठी प्रार्थना करत हिंडत होते. निघायच्या आदल्या रविवारी अगाफियाने त्यांना चर्चच्या पायरीवर गाठलं आणि पासपोर्ट पुढे केला.

"बंदच राहू दे की बाई," फादर म्हणाले.

"कव्हराला आशीर्वाद देऊन काय करू फादर? आतल्या कागदाला लागायला हवा." आणि तिने व्हिसाचं पान उघडून दोन्ही हातांनी धरलं.

फादरनी सब्ज्याच्या डहाळ्यांची जुडी बादलीत बुडवली. माणसाला आठवडाभर शेतं शिंपायची सवय झालेली, हात काही आवरला नाही. तीर्थ आशीर्वादासारखं नव्हे, सरीसारखं पडलं. अगाफियाने छातीवर क्रूसाची खूण केली, डोळे उघडले, आणि बघते तो वकिलातीचा जांभळा शिक्का तारखेवरून ओघळत निघालेला.

घरी तिचा नवरा त्रिफान ते पान उन्हाकडे धरून बराच वेळ बघत राहिला. "शाबास! सरकारने दिलं आणि तू धुतलंस."

"इस्त्री फिरवू का?"

"फिरव फिरव. म्हणजे भिजलाही आणि जळालाही."

"थट्टा करू नकोस रे. मला काही सुचत नाही."

नवा व्हिसा करायचा तर पुन्हा तीच रांग, आणि ऑपरेशनची तारीख काही रांगेत उभी राहणार नव्हती. संध्याकाळी वासिलिसा आली. तिला जगातल्या सगळ्या नाक्यांवरच्या बातम्या ठाऊक. "अगाफे, माझ्या भावजयीचं पान नुसतं दुमडलेलं होतं, तर परत धाडलं. वर पाच वर्षं बंदी. तू तीर्थबिर्थ काही बोलू नकोस हां, वेड्यात काढतील. सरळ सांग, पावसात भिजला."

पाच वर्षं! हा आकडा अगाफियाच्या डोक्यात जो शिरला तो निघेना. पाठवलं परत तर ही भेट तर जाईलच, पण पुढची पाच वर्षंसुद्धा. आणि दोम्निकाला पुढची पाच वर्षं आहेत की नाही, हे कुणाला माहीत? हा विचार मनात आला तशी ती चुलीपाशी जाऊन नुसतीच उभी राहिली, आणि दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती मिनीबसमध्ये बसली. पासपोर्ट तिने पोटाशी बांधला होता आणि त्यावर हात दाबून धरला होता, जसा काही तो रडेल. पुलाच्या अलीकडे ड्रायव्हरने हाक दिली, "चीज, मटण, अंडी असतील त्यांनी टाकून द्या रे! युनियनमध्ये आपलं चीज चालत नाही!" अगाफियाने लेकीसाठी केलेला डबा मुकाट्याने कचऱ्याच्या पिंपात सोडला. इतर वेळी तिने ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

पुलापलीकडच्या तपासणीच्या खिडकीत एक तरुण अधिकारी बाई होत्या, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. त्यांनी पान उघडलं, तिरकं धरलं, नखाने खरवडलं.

"हे काय झालंय?"

"पाऊस, मॅडम. पावसात भिजला."

बाईंनी मान वर केली. त्यांच्यामागे सुकून पिवळी पडलेली शेतं थेट आभाळापर्यंत गेली होती. "कुठे पडला हो पाऊस? आम्हालाही सांगा. इथे आम्ही पाण्याच्या टाक्या मागवतोय."

मिनीबसमधलं कुणीतरी फिसकन हसलं. मग अगाफियाने खरं सांगायला सुरुवात केली, फादर, सब्जा, बादली, सगळं. पण आता तिची जीभ अडखळत होती, आणि खोटं एकदा पकडलं गेल्यावर खरंही खोट्यासारखंच दिसू लागलं होतं.

"तारखेवरच बरं पडलं तीर्थ," बाई थंडपणे म्हणाल्या. "बाजूला उभ्या राहा. कॉम्प्युटरवर व्हिसा दिसतोय, पण हा कागद तोच आहे कशावरून? कुणी खाडाखोड केली नाही कशावरून?" आणि पासपोर्ट नि सोबतचे कागद घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या.

बाकीच्यांचं आटोपलं. ड्रायव्हर थोडा थांबला, मग त्याने हिची पिशवी उतरवून डांबरावर ठेवली. "मावशी, माफ करा. माणसं खोळंबलीत माझी." मिनीबस निघून गेली. अगाफिया पिशवीशेजारी उभी राहिली. तिला वाटलं, आता गाडी येईल आणि त्रिफानलाही घेऊन जातील. साठीच्या घरात आलेली बाई, पण त्या क्षणी ती शाळेच्या पटांगणात अनवाणी उभी होती.

बाईंनी तिला खिडकीशी बोलावलं. त्यांच्या हातात निमंत्रणाचा कागद होता, त्यावर दोम्निकाचा नंबर. "हिला विचारते. तुम्ही मधे बोलायचं नाही. एक शब्द नाही." त्यांनी टेबलावरचा फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

कोस्तेलने उचलला, त्याने दोम्निकाला दिला. आवाज अगदी बारीक येत होता.

"सीमेवरून बोलतेय. तुमच्या आईचा पासपोर्ट खराब झालाय. व्हिसाचं पान ओलं होऊन शाई पसरलीय. कशामुळे, काही कल्पना?"

अगाफियाने डोळे घट्ट मिटले. लेकीला तिने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिच्या जिवाला घोर नको म्हणून.

पलीकडून दोम्निका म्हणाली, "अरे देवा. फादरकडे नेला असणार तिने."

बाईंनी व्हिसाचं पान पुन्हा तिरकं धरलं.

"उघडून धरला असेल, हो ना? माझ्या कॉलेजच्या प्रवेशपत्राचं असंच केलं होतं मॅडम. माझं नावच वाहून गेलं, तिथला कारकून मला आत घेईना. तिला वाटतं, झाकलेल्या कागदाला आशीर्वाद लागत नाही." ती हसायला गेली आणि तिला धाप लागली. "आई आहे का तिथे? जरा देता का तिला? मला आता आत नेताहेत."

अधिकारी बाईंनी स्पीकर बंद केला आणि रिसीव्हर अगाफियाच्या हातात दिला.

"आई."

"बोल गं बाळा."

"मी म्हणत होते ना, घाबरायचं काय त्यात?"

"हो."

"खोटं बोलत होते. मला फार भीती वाटतेय गं. तू ये ना."

"आलेच. ही बघ, निघालेच," अगाफिया म्हणाली. तिचा आवाज अजिबात कापला नाही. उकळतं पातेलं उचलताना असायचा तसाच तो घट्ट होता. फोन बंद झाला. बाईंनी पासपोर्टवर शिक्का मारला, तो कागदांसकट परत करताना जरा घुटमळल्या, मग स्वतः बाहेर येऊन त्यांनी एका भाजीच्या टेम्पोवाल्याला हात केला. "या मावशींना याशच्या मोठ्या इस्पितळात सोड. दारात सोड, नाक्यावर नको."

ती पोचली तेव्हा दोम्निकाला आत नेऊन बराच वेळ झाला होता. कॉरिडॉरमध्ये कोस्तेल भिंतीला टेकून बसला होता, त्याने सरकून तिला जागा दिली. अगाफिया त्याच्या शेजारी बसली. दार बंद होतं. कुणी आत जात होतं, कुणी बाहेर येत होतं, आणि प्रत्येक वेळी ती अर्धवट उठून पुन्हा बसत होती. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत समोरच्या भिंतीवर चढलं आणि विझलं.

शेवटी दार अर्धवट उघडून एक नर्स बाहेर आली. "दोम्निकाचं कोण आहे?"

अगाफिया ताडकन उठली.

"तुम्ही कोण तिच्या?"

प्रश्न ऐकताच तिचे हात आपोआप कामाला लागले. तिने पोटाशी बांधलेलं सगळं सोडवलं, पासपोर्ट काढला, निमंत्रण काढलं, विम्याचा कागद काढला, फोटोसुद्धा काढला, आणि व्हिसाचं पान उघडून नर्सपुढे धरलं. "शिक्का आहे, मॅडम. आजचाच आहे. खरा आहे."

नर्स क्षणभर त्या कागदांकडे बघत राहिली. मग तिने पासपोर्ट मिटला आणि अगाफियाच्या हातात परत ठेवला.

"हे नको मला. आई ना तुम्ही? डोळे उघडलेत तिने, तुम्हालाच शोधतेय. या आत."