दारं उलटायला दोघी लागायच्या

सापगावला आमच्या घराचा पाया खणायच्या आधीच माझी आतल्या खोल्यांची तीन दारं तयार होती. भिंतीचा पत्ता नाही आणि दारं कसली करतेस, असं म्हणून लोक हसायचे. हसू देत. म्हसा गावातला सुतार वडिलांच्या ओळखीचा, त्याची नजर जायला लागली होती. यंदाचं काम झालं की रंधा खाली ठेवणार, असं त्यानं सांगून टाकलं, म्हणून मी घाई केली. सागाची, जाड, हात फिरवत बसावं अशी दारं त्यानं करून दिली. बसवताना गोंधळ नको म्हणून प्रत्येकाच्या वरच्या कडेवर खोलीचं नाव त्यानं मला लिहायला लावलं. मी पेन्सिलीनं एकावर 'देव' लिहिलं, दुसऱ्यावर 'आम्ही' आणि तिसऱ्यावर 'आई'. वडील गेल्यापासून आईचं एकच पालुपद होतं, तुझं घर झालं की मी तुझ्याकडेच येणार.

दारं ठेवली माहेरी, मुरबाडकडच्या आमच्या गावात, भाताच्या कणग्यांच्या खोलीत. सुताराच्या सूचना पाठ होत्या मला. भिंतीला टेकून उभी करायची नाहीत, पोक येतो. सारख्या जाडीच्या तीन पट्ट्यांवर आडवी ठेवायची. प्लास्टिक नको, वर जुनी सुती साडी घालायची. जवसाचं तेल दोन्ही अंगांना आणि चारी कडांना सारखंच लावायचं. लाकडाच्या एकाच अंगाचे लाड केले की ते वाकडं होतं, असं तो म्हणायचा.

दर दोन-तीन महिन्यांनी मी एसटीनं जायचे आणि दारं उलटायचे. एकटीचं काम नव्हतं. एक टोक मी धरायचे, दुसरं आई. उलटून झालं की ती आपलं दार शोधून त्यावर थाप मारायची. त्या खोलीत आम्ही दोघी जितक्या हसलो तितक्या पुढे कुठे हसलो नाही.

मग आमच्या जागेचे कागद अडकले, घर दोन वर्षं लांबलं. तेवढ्यात भावानं माहेरचं जुनं घर पाडून त्याच जागी स्लॅबचं बांधायला काढलं. मी दारांचं विचारलं, तर शेजाऱ्यांच्या माळ्यावर हलवली म्हणाला. यायला निघाले की काही ना काही निघायचं, धूळ आहे, रस्ता खणलाय, पुढच्या महिन्यात ये. फोनवर एक वाक्य ठरलेलं, "ताई, तुजी दारं एकदम नीट हायत." मागून आईचा आवाज यायचा, मी बघते ना गो. आई बघतेय म्हटल्यावर मी निर्धास्त. इतकी भोळी मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या बाबतीत नव्हते.

वास्तुशांतीला आहेर घेऊन गेले. आतल्या खोल्यांना गडद तपकिरी, चकचकीत दारं लावलेली. मी तोंड भरून कौतुक केलं, कुठून केलीस म्हणून विचारलंसुद्धा. भाऊ मुरबाडला केली म्हणाला आणि भटजींकडे वळला. बहिणीचा मान म्हणून खोल्यांना तोरणं बांधायचं काम माझ्याकडे आलं. आईच्या खोलीपाशी स्टुलावर चढले. दार उघडं होतं, वरची कड माझ्या डोळ्यांसमोर आली. कुणाला दिसत नाही म्हणून पॉलिशवाल्यानं ती तशीच सोडलेली. माझ्या तेलाखाली माझंच अक्षर होतं, 'आई'.

हातातलं तोरण तसंच लोंबकळत राहिलं. खाली उतरून वाकून पाहिलं. चौकट बुटकी म्हणून दार खालून दोन बोटं तासलेलं, आणि तासलेल्या कडेला तेलाचा थेंब नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते मला तिथं कळलं. भावाचा राग आला, पण तो नेहमीचा होता. लहानपणापासून माझ्या वस्तूंवर त्याचा डोळा. पडून पडून खराब झाली असती ताई, असं काहीतरी तो पुटपुटला. मी आईकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली नाही, हे मला अजून टोचतं.

"मीच सांगितलं त्याला," ती म्हणाली. "तुजं घर व्हईल तवा व्हईल. मला शेवटी याच्याच दारातून न्यायचं हाय."

म्हणजे दोन वर्षं फोनवर तीही त्याच्यासोबत होती. मी तोरण बांधलं, जेवले आणि घरी आले. दारं परत मागितली नाहीत.

पुढच्या वर्षी आमचं घर झालं. दोन खोल्यांना शहापुरातून तयार दारं आणून लावली. तिसऱ्या खोलीची चौकट मोकळी ठेवली. नवरा दार लावू म्हणाला, मी नको म्हटलं.

पावसाळ्यात आई आठवडाभर राहायला आली. तिकडचं दार खालून फुगलंय, फरशीला घासतं, लागत नाही, अशी तक्रार करत होती. मी ऐकून घेतलं. बॅग ठेवायला ती तिसऱ्या खोलीत गेली आणि तिनं मागे वळून पाहिलं.

"या खोलीला दार कुठं गो?"

"तुझ्या खोलीचं दार तूच देऊन टाकलंस."

ती पलंगावर बसली. मग बॅगेतून जुनी सुती साडी काढली आणि चौकटीवर पडदा टांगायला लागली. एकटीचा हात पुरत नव्हता. दुसरं टोक धर म्हणाली.

मी ऐकलं, आणि जागेवरून उठले नाही.