अंगठा मुठीत

आमच्या घरात धार काढायची ती अंगठा मुठीत दुमडूनच. अंगठ्याचं पेर सडावर दाबलं की धार जोरात येते, असं वडील म्हणायचे, आणि लग्न झाल्यावर बायकोला मीही तेच शिकवलं. ती कोल्हापुरात, राजारामपुरीत वाढलेली. दूध पिशवीतून येतं एवढंच तिला ठाऊक. पण वर्षभरात तिचा हात असा बसला की म्हैस दुसऱ्या कुणाला सडाला हात लावू देईना. याची मी पाहुण्यारावळ्यांत फुशारकी मारायचो.

बाळंतपणानंतर तिचं मनगट अंगठ्याच्या बुडाशी सुजलं. पोरीला उचलताना ती कळ सोसत दात आवळायची. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत साचे उचलतो आणि हिला एका म्हशीच्या धारेनं हात दुखतो, असं मी चारचौघांत म्हणालो. माणसं हसली. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

शेवटी तिच्या आईनं हट्टानं डॉक्टरकडे नेलं. मीही गेलो, तोंड वाकडं करून. डॉक्टरांनी तिला अंगठा मुठीत घ्यायला सांगितलं आणि मूठ करंगळीच्या बाजूला हळूच वाकवली. ती किंचाळली. अंगठ्याच्या शिरा मनगटाशी एका अरुंद नळीतून जातात, त्या नळीचं अस्तर सुजलंय, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. सहा आठवडे पट्टा, बर्फाचा शेक, धार बंद. पुढे कधी काढलीच तर अंगठा बाहेर ठेवून, पूर्ण मुठीनं. मी त्या कागदाकडे बघतच नव्हतो. दुखतं का हे तपासायला डॉक्टरांनी जी मूठ एकदा वळवली, ती मी तिला रोज दोन वेळा वळवायला लावत होतो.

हे कळल्यावर मी सुधारलो, असं कुणी समजू नये.

म्हशीनं पान्हा चोरला. मी धारेला बसलो की लाथ झाडायची. माझी आई म्हणाली, बायकोची साडी नेस आणि बस, वासानं फसती म्हैस. आमच्याकडे असंच करतात, लहानपणी मी पाहिलंही होतं. पण मी साडी नेसायची? गल्लीत कुणी बघितलं तर? आठव्या दिवशी मी माझ्या हातानं बायकोच्या मनगटाचा पट्टा सोडला.

"बस. मरत न्हाईस तू," मी म्हणालो.

ती बसली. रोज बसत राहिली. मनगटात इंजेक्शन घेतलं, त्यानं महिनाभर बरं वाटलं आणि दुखणं पुन्हा उलटलं. एका सकाळी पोरगी तिच्या हातातून सटकली. खाली वाकळ होती म्हणून वाचली. मी पोरीला उचललं आणि बायकोला शिव्या घातल्या. त्या दिवसापासून तिनं पोरीला घेणंच सोडलं. पोरगी हात पसरायची, ही तोंड फिरवायची.

मग ऑपरेशन झालं. नळी मोकळी केली. हाताला टाके, त्यामुळे तिला बसवायची सोयच उरली नाही. मी पँटवरच तिची जुनी साडी गुंडाळली, पदर डोक्यावर घेतला आणि खाली बसलो. म्हशीनं एकदा हुंगलं आणि पान्हा सोडला. एक जण दुधाची किटली घेऊन समोरून गेला. त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हैस गाभण हाय का एवढं विचारलं आणि चालता झाला. कुणीही हसलं नाही.

बादली भरून मी उठलो. बायको दारात उभी होती, हात गळ्यात अडकवलेला. शेजारी माझ्या सासूच्या कडेवर पोरगी होती. ती आता आईकडे हात पसरत नव्हती.

बायकोनं साडीकडे बघितलं, मग बादलीकडे.

"एवढंच हुतं व्हय?" ती म्हणाली.