आप्पांचा अँटीव्हायरस

कॉम्प्युटर चालू करण्याआधी तो कॅबिनेटवर डावा तळवा ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग घरातल्यांकडे बघून विचारायचा, "यावर बसतं कोन?"

मेमरी किती, मशीन कधी घेतलं, हे प्रश्न नंतर. आधी बसणारं माणूस.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. भिंतीवर एकही सर्टिफिकेट नसतं, पण सगळा गाव त्यांच्याच दाराशी. आमच्या किन्हवलीत तसा तो होता. मूळचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. गावात दहा-पंधरा घरांत कॉम्प्युटर आले तसे तेही उघडायला लागला. इंग्रजी अक्षरं जुळवत वाचायचा. मी कल्याणला हार्डवेअरचा डिप्लोमा केलेला, शहापुरात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तोंडावर त्याला दादा म्हणायचे. मनात मात्र तो नुसता 'तो' होता, आणि आज लिहितानाही तसंच येतंय.

आप्पा म्हणजे माझे वडील, गावाचे गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला तो एकाच कामासाठी. आजवर शिकवलेल्या प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहून ठेवायच्या. एका बोटाने टाइप करायचे. लग्नानंतर मी शहापुरात राहायचे आणि रविवारी माहेरी यायचे. आप्पांच्या मशीनसाठी अँटीव्हायरस निवडला तो मीच. तीन मासिकं वाचली, तुलनेचे तक्ते पाहिले, आणि गुणांच्या सगळ्यात जास्त चांदण्या मिळालेला परदेशी अँटीव्हायरस आणून घातला.

दीड महिन्याने बघते तर घड्याळाशेजारचं चिन्ह बदललेलं.

"आप्पा, हे कोणी बदललं?"

"दादाने. अगं, तुझं चांगलंच होतं. पण एक अक्षर दाबलं की उमटायला वेळ लागायचा. मला वाटलं, मीच म्हातारा झालो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू इतक्या हौसेने घातलं होतंस."

मी तशीच त्याच्या दुकानात गेले. तो एका टीव्हीच्या पाठीमागे डोकं घालून बसला होता. माझा आवाज ऐकून बाहेर आला, हात पुसले आणि स्टूल पुढे केलं.

"ताई, तुमचं मोठं हाय, चांगलं हाय. पन त्याला रोज इंटरनेटवरून ताजं कराया लागतं. हितं फोनची लाइन लागली तर टिकत नाय. ताजं नाय केलं तर नवा व्हायरस ते वळखनार कसं? आनि गुरुजींकडं व्हायरस येनार तो फ्लॉपीतून. जुने विद्यार्थी फोटो, माहिती घेऊन येतात ना. म्हनून हलकं घातलं. फ्लॉपी आत गेली की आधी तपासतं. अपडेट मी दर सोमवारी शहापुरातनं सीडीवर आनतो."

यातला एक शब्द खोटा निघाला असता तर मला किती बरं वाटलं असतं! पण सगळं बरोबर होतं. मी वर्गात चाळीस मुलांना हेच शिकवायचे, आणि आप्पांच्या घरात मला ते सुचलं नव्हतं.

त्यानंतर माझे रविवार बिघडले. मी माशांचं कालवण करून वाढावं आणि आप्पांनी म्हणावं, "प्रिंटरचं राहू दे, उद्या सोमवार, तो येईल." मी नवा फाँट दाखवावा, तर म्हणायचे, "त्याला विचारून बघतो." तो आला की दोघं तासभर बसायचे, हे शेजारच्या काकूंनी मला सांगितलं. "तुझे वडील हसतात गो किती त्याच्यासंगं!" त्या कौतुकाने म्हणाल्या. माझ्यासोबत आप्पा इतके कधी हसले होते, ते मी शहापूरला पोहोचेपर्यंत आठवत राहिले.

एका रविवारी आप्पा कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते. मी त्यांची फाइल उघडली. दीडशेहून जास्त मुलं झाली होती. बहुतेकांना चार ओळी, त्याला मात्र पूर्ण पान. चौथीत असताना त्याने शाळेचा बंद रेडिओ न विचारता घरी नेला होता. आप्पांनी चोर समजून त्याला सगळ्या वर्गासमोर मारलं. दुसऱ्या दिवशी तो रेडिओ चालू करून घेऊन आला. खाली आप्पांनी लिहिलं होतं, 'त्या माराची मला अजून लाज वाटते.'

मीही चौथीत आप्पांच्याच वर्गात होते. फाइलमध्ये माझं नाव शोधलं. नव्हतं. पुन्हा शोधलं, या वेळी शाळेतल्या आडनावाने. तरी नव्हतं.

त्यानंतर जे केलं ते डिप्लोमा झालेल्या बाईने करू नये असं होतं. त्याचा अँटीव्हायरस रीतसर काढायला दहा मिनिटं लागली असती. तेवढाही धीर मला नव्हता. मी त्याचं फोल्डरच उडवलं, आणि उरलेल्या अवशेषांवर माझा, जास्त चांदण्यांचा, चढवला. मशीन एकदा अडखळलं. मी ते बंद करून शहापूरला निघून गेले.

सोमवारी दुपारी आप्पांचा फोन आला. कॉम्प्युटर मध्येच अडकत होता, म्हणून त्यांनी सकाळपासून चार-पाच वेळा बटण दाबून तो बंद-चालू केला होता. आता तर पडद्यावर काहीच येत नव्हतं. मी रजा टाकून धावले. तो माझ्या आधीच पोहोचला होता, जमिनीवर मांडी घालून, कॅबिनेट उघडून. त्याने फ्लॉपीवरून मशीन कसंबसं सुरू केलं आणि डिस्कवरची यादी खालपर्यंत वाचली. त्याचं फोल्डर गायब, माझं जागेवर. त्याने मान वळवून माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "मागल्या सोमवारी मी अपडेट टाकलं ते नीट बसलं नाय. माजीच चूक हाय."

"आणि माझी फाइल?"

"बघतो. पन सांगता येत नाय."

आप्पा ओरडले. "दीडशे मुलं होती रे त्यात! समजत नाही तर हात कशाला घालतोस? ऊठ तू. ऊठ इथून!"

तो उठला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, चौथीतल्या मुलासारखा मान खाली घालून उभा होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी बोलले नाही.

त्याने डिस्क कल्याणला नेली आणि चार दिवसांनी परत आणली. अर्धी फाइल बचावली होती, ती सीडीवर उतरवून आणलेली. डिस्क आणि ती सीडी ओट्यावर ठेवून तो आत न येताच गेला.

मग आप्पांचा कॉम्प्युटर माझा झाला. हवं होतं ते मिळालं. लाइन टिकत नव्हती, म्हणून शहापुरातून सीडीवर अपडेट आणायचं कामही माझंच झालं. आप्पा माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचे, पण हसायचे नाहीत. एकदा मी विचारलंच, "तुमच्या फाइलमध्ये मी का नव्हते हो?"

ते गोंधळले. "तू? तू मुलगी माझी. ती मुलं लांब गेली, विसरायची भीती वाटते म्हणून लिहितो. तुला लिहून कशाला ठेवायचं?"

त्याच दिवशी मी त्याच्या दुकानात गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय मला," तो सोल्डरिंग न थांबवता म्हणाला.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला गुरुजींनी आज हाकललं, उद्या बोलावतील. नाय बोलावलं तर दुसरी गिऱ्हाइकं हायेत. तुमच्यावरचा भरवसा गेला असता तर त्यांनी जायचं कुनाकडं?" मग हसला. "आनि गुरुजींचा मार मला नवा हाय का?"

घरी येऊन मी आप्पांना खरं काय ते सांगितलं.  त्यांनी चपला घातल्या आणि बाजारपेठेच्या दिशेने चालू लागले. परत आले तेव्हा तो सोबत होता. दोघांनी चहा घेतला, तो मीच केला. गेलेली अर्धी मुलं आप्पांनी पुन्हा लिहिली, त्याला विचारून विचारून. गावातलं कोण कुठे गेलं हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याच्या वर्गातलं कोण कुठल्या बाकावर बसायचं हेही पाठ होतं. मी स्वयंपाकघरात बसून त्यांचं हसणं ऐकायचे. खोटं कशाला सांगू, तेव्हाही आत काहीतरी टोचायचंच.

दोनेक वर्षांनी तो सासुरवाडीला, वैशाखऱ्याला राहायला गेला. मी त्याला शेवटचं पाहिलं ते मुरबाडच्या एसटी स्टँडवर. माळशेजकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळच्या सीटवर त्याने कुणाचा तरी मॉनिटर बसवला होता, आपल्या टॉवेलने सीटच्या दांडीला बांधून. तो स्वतः शेजारी उभा. कंडक्टर वाद घालत होता, आणि हा मॉनिटरचं तिकीट दाखवत होता. मी खालून हाक मारली, "दादा!" त्याने पाहिलं. एक हात वरच्या दांड्याला, दुसरा मॉनिटरवर. हात हलवायला तिसरा नव्हता, म्हणून नुसती मान डोलावली. गाडी वळली, तेव्हा वळणावर तो त्या मॉनिटरवर ओणवा झालेला दिसला.