ताईने पाहिलेली मालिका

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई सोळाची. वडील मालट्रक चालवायचे. महिन्यातले चार-पाच दिवस घरी, तेही झोपायला. घर ताईच्या अंगावर आलं. तिने शाळा सोडली आणि कापडगिरणीच्या विणकाम खात्यात कामाला लागली.

त्या खात्यात तीनशे माग एकदम चालायचे. शेजारची बाई कानात ओरडली तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, तोंड नीट उघडायचं आणि समोरच्या बाईकडे बघत एकेक शब्द ओठांवर घडवायचा. नवऱ्यांच्या तक्रारी, मुकादमाची टिंगल, मुलांची आजारपणं, सगळं असंच चालायचं. ताई महिनाभरात शिकली. घरी आल्यावरही तासभर तिच्या डोक्यात माग चालूच असायचे, त्यामुळे धाकटाही तिच्यासमोर उभा राहून तसाच बोलायला लागला. "भूक लागली," "गणितं झाली," "पाणी गेलंय," सगळं तोंडभर आणि स्वच्छ. दोघांना तो खेळ वाटायचा.

पुढे तासाचे दोन तास झाले, मग सकाळपर्यंत घरघर राहायला लागली. तिशी ओलांडेपर्यंत घरघरही गेली आणि तिच्यामागे ऐकू येणं सगळंच गेलं. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. ताईने ते आठ दिवस लावून पाहिलं.

"सगळी गिरणीच कानात घातल्यासारखं होतं रे," ती म्हणाली आणि यंत्र टेबलाच्या खणात गेलं.

धाकट्याचं बोलणं मात्र त्या सवयीने घडलं ते घडलंच. शाळेतल्या मास्तरांनी आधी त्याला पाठांतराला उभं केलं, मग नाटकात. पुढे पंख्यांच्या दुकानात विक्रेत्याची नोकरी आणि संध्याकाळी तालमी असं सात-आठ वर्षं चाललं. लग्न झालं, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. ताईचं लग्न राहून गेलं. ते का राहिलं हे कुणी विचारलं नाही, त्यानेही नाही.

एका मालिकेत चार भागांपुरता वकील हवा होता. कोर्टात उभं राहायचं, नायिकेच्या बाजूने दोन भाषणं ठोकायची आणि जायचं. तो गेला, बोलला, आणि बघणाऱ्यांना आवडला. चारचे चाळीस भाग झाले, नायिकेचा खटला कधीच संपला, नायिकाही परदेशी गेली, पण वकीलसाहेब राहिले. अकरा वर्षं राहिले. रस्त्यात लोक त्याला वकीलसाहेब म्हणायचे, बँकेत म्हणायचे, बायकोचे भाऊसुद्धा म्हणायचे. खालच्या मजल्यावरचा शिंपी भिंतीच्या भांडणाचे कागद घेऊन आला तेव्हा त्याने हजारदा सांगितलं की मी नट आहे. शिंपी हलेना. शेवटी मालिकेतलंच एक वाक्य आठवून तो म्हणाला, "आधी मोजणी करून घ्या." मोजणीत भिंत शिंप्याची निघाली. त्यानंतर तो खरा वकील नाही हे कुणाला पटवायची सोयच राहिली नाही.

सेटवर तो गरीब गाय होता. शॉट दहा वेळा घ्या, खुर्ची मोडकी द्या, तक्रार नाही. दोनच गोष्टींत तो हटून बसायचा. चॅनलच्या साहेबांना वाटलं, वकिलाला भारदस्त मिशी हवी. तो म्हणाला, "मिशी लावायची असेल तर दुसरा वकील बघा." दुसरी गोष्ट पाठीची. बोलताना तो कॅमेऱ्याकडे पाठ करायचाच नाही.

"वकीलसाहेब," दिग्दर्शक कळवळून म्हणायचे, "खिडकीकडे वळा आणि मग वाक्य घ्या. माणूस दुःखात आहे. दुःखात माणूस खिडकीकडे बघतो."

"वळतो ना," तो म्हणायचा, आणि शॉट सुरू झाला की वाक्य आधी संपवून मग वळायचा. बरोबरचे नट म्हणायचे, याला आपल्या थोबाडाचा भारी सोस. तो हसून सोडून द्यायचा. दर संध्याकाळी साडेसातला गिरणीजवळच्या दोन खोल्यांत एक बाई पडद्याकडे खुर्ची ओढून बसते आणि तिला माझे ओठ दिसायला हवेत, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लोक गहिवरतील आणि मग ते आपलं राहणार नाही, असं त्याला वाटायचं.

पण खरं बोलायचं तर या सोयीने तो थोडा निर्धास्तही झाला. ताईकडे जाणं आधी आठवड्याला होतं, मग महिन्याला, मग सहा महिन्यांनी. शूटिंग, मुलीची शाळा, प्रवास. ती रोज बघतेच की मला, असं तो स्वतःला सांगायचा.

अकराव्या वर्षी एका गुरुवारी निर्मात्याने सगळ्यांना जमवून सांगितलं, पुढच्या शुक्रवारी शेवटचा भाग. शेवटचा शॉट झाला तसा ड्रेसवाला दारात येऊन उभा राहिला. "कोट द्या साहेब, जमा करायचाय." काळा कोट उतरवून दिल्यावर तो शर्टावर तसाच उभा राहिला. पंखा चालू होता, दिवे एकेक बंद होत होते. मेकअपवाल्याने खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "येईल दुसरं काहीतरी."

दुसरं काही आलं नाही. आले ते सगळे वकीलच, तेही दोन दिवसांचे. साडेसात वाजले की त्याला घरात बसवायचं नाही. तो उठून जिन्यात जाऊन उभा राहायचा. कोणत्या तरी दाराआड दुसऱ्या मालिकेचं संगीत वाजायचं, आणि अकरा वर्षं या वेळेला आपण किती घरांत असायचो, ते आठवून त्याचा जीव तुटायचा.

अशा दिवसांत इंजिनिअरबाई आल्या. तिशीच्या, केस कसेतरी बांधलेले, पिशवीत लॅपटॉप. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर त्यांनी आणि त्यांच्या एका मैत्रिणीने खोली घेतली होती. माणूस बोलेल तसं पडद्यावर आपोआप अक्षरांत उमटावं, असा प्रोग्राम त्या बनवत होत्या.

"सर, एक कबुली द्यायची आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मालिकेवर आम्ही आमच्या मशीनला शिकवतोय. न विचारता. दुसरं कुणी बोललं की मशीन चुकतं. तुम्ही बोललात की एकही शब्द चुकत नाही. तुम्ही असं बोलायला कुठे शिकलात?"

"घरी," तो म्हणाला.

त्यांना त्याचा आवाज हवा होता. हजारो वाक्यं, वेगवेगळ्या वेगात, रडत, हसत, खोकत. द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं, म्हणून कंपनीतला थोडा हिस्सा देऊ केला. तो चार महिने रोज त्या खोलीत जाऊन वाचत बसला. खाली मशीनं खडखडायची, वर तो "हा रस्ता कुठे जातो" हे वाक्य चौदा तऱ्हांनी म्हणायचा. कुणीतरी आपलं बोलणं कान देऊन ऐकतंय, एवढ्यावरच तो खूश होता. मग एक दिवस खोलीचं भाडं द्यायचं कठीण झालं, तेव्हा त्याने घरासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात घातले. बायकोने फक्त विचारलं, "त्या बायकांवर विश्वास आहे?"

"माहीत नसलं की त्या 'माहीत नाही' म्हणतात."

"मग घाल," ती म्हणाली.

पाच वर्षांत त्यांचा प्रोग्राम दवाखान्यांत गेला, कोर्टांत गेला, शाळांच्या वर्गांत गेला. एका बड्या कंपनीने तो विकत घेतला, हिश्श्यापोटी त्याच्या वाट्याला मोठी रक्कम आली आणि ती तो नव्या कंपन्यांत घालायला लागला. पेपरात त्याचा फोटो आला, खाली लिहिलं होतं 'अभिनेता ते गुंतवणूकदार'. मग रांगच लागली. काचेच्या खोलीत तो बसायचा आणि तरुण मंडळी समोर येऊन आपापली स्वप्नं मांडायची. त्याला आकड्यांतलं बेताचंच कळायचं. कळायचं ते बोलण्यातलं. पाठ केलेलं वाक्य कोणतं आणि पोटातून आलेलं कोणतं, हे तो डोळे मिटून सांगायचा. एकदाच फसला. एक देखणा पोरगा इतकं सुंदर बोलला की ते पाठ केलेलं आहे हे ओळखूनही त्याला मोह आवरला नाही. वर्षभरात ती कंपनी बुडाली. "नटाला नटाने बुडवलं," असं तोच लोकांना हसत सांगायचा. पण त्या पोराचं बोलणं ऐकताना आपण पुन्हा सेटवर आहोत असं त्याला वाटलं होतं, तेवढं मात्र त्याने सांगितलं नाही.

या सगळ्यात त्याच्या मनात एक बेत होता. मालिकेच्या सगळ्या भागांवर त्याने खाली अक्षरं घालून घेतली आणि एका मंगळवारी दुपारी टॅब्लेट घेऊन ताईकडे गेला. ताई आता पासष्टीची. दार उघडताच तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, नेहमीसारखं.

"हे बघ," तो म्हणाला, "आता सगळ्यांचं बोलणं कळेल. माझ्या एकट्याचं नाही."

तिने चष्मा लावला. तिसऱ्या वर्षातला भाग होता. वकीलसाहेबांच्या ऑफिसातला कारकून फाईल चोरताना सापडतो आणि वकीलसाहेब त्याला हाकलतात. ताई आधी कौतुकाने बघत होती. मग तिचा चेहरा बारीक झाला. तिने बोटाने चित्र थांबवलं.

"हे काय लिहिलंय? 'तुझं पाप मी झाकणार नाही'?"

"हो. तेच म्हणालो होतो मी."

"मी वाचलं होतं, 'तुझा बाप मी'." ती पडद्याकडे बघत राहिली. "पाप आणि बाप ओठांवर सारखंच दिसतं रे. पुढचं कळलं नाही, कारण तो पोरगा मध्ये आला. मला वाटलं, तो तुझा मुलगा आहे. तू त्याला आज सांगितलंस."

"ताई, तो कारकून होता."

"आठ वर्षं मी त्याला तुझा मुलगा समजले." ती हसली नाही. "त्याच्या लग्नाला मी रडले."

त्याने पडद्यावर थांबलेल्या आपल्या चेहऱ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं आपण मान वळवली नाही, मिशी लावली नाही, आणि आपल्याला वाटत राहिलं की हिला शब्द न् शब्द पोचतोय. बाकीची माणसं पाठमोरी बोलायची, त्यांचं तर तिला काहीच कळत नव्हतं. त्याच्याही बोलण्यातलं अर्धं कळायचं. उरलेलं सगळं तिने घरी बसून स्वतः रचलं होतं.

अजून दोन भाग बघून तिने टॅब्लेट पालथा ठेवला. "खरं सांगू? हे फारच रटाळ आहे. सारखे भांडतात. माझ्यातले वकीलसाहेब एवढे भांडत नव्हते."

"तुझ्यात काय करायचे?"

"सांगेन," ती म्हणाली. "वेळ असला तर बस."

तो बसला. त्यानंतर दर मंगळवारी दुपारी तो काचेच्या खोलीतली सगळी कामं बाजूला ठेवून यायला लागला. ताई सांगायची आणि तो ऐकायचा. तिच्या मालिकेत वकीलसाहेबांनी एक मुलगा लहानपणी दुसऱ्याला दिलेला होता. त्यांचं शहराबाहेर झाडं असलेलं एक घर होतं, तिथे जायला त्यांना कधी सवड मिळायची नाही. आणि त्यांना एक बहीण होती. ती पडद्यावर कधीच आली नाही, पण प्रत्येक भागाच्या शेवटी ते थेट समोर बघून तिला काहीतरी सांगायचे.

"काय सांगायचे?"

"रोज वेगळं. कधी, उशीर झाला. कधी, येतो पुढच्या आठवड्यात." तिने साडीवरचा दोरा काढला. "येत नव्हते, ते वेगळं. पण सांगायचे."

त्याने मान खाली घातली आणि लगेच वर केली, कारण खाली बघून बोललं तर तिला कळणार नव्हतं. "ताई, मी यायला हवं होतं."

"आता येतोस ना," ती म्हणाली आणि पुढचा भाग सांगायला लागली.

त्याने एकदा सुचवलं की फोनवर हे सगळं नोंदवून घेऊ, आपलंच मशीन आहे. ताईने फोन उलटा केला. "मशीन नको. तू ऐक."

दीड वर्ष असं चाललं. सांगता सांगता ताई मालिकेच्या पाचव्या वर्षापर्यंत आली. वकीलसाहेब आजारी पडले होते, मुलगा परत येणार होता. एका रविवारी सकाळी शेजारीण चहा घेऊन गेली तर ताई खुर्चीतच गेलेली होती.

तिचे दिवस झाल्यावर तो खोल्या आवरायला गेला. भांडी शेजारणीला दिली, कपडे बांधले. टीव्ही तेवढा कुणाला द्यावासा वाटेना. मग दुपारी तिच्या खुर्चीत बसून त्याने आवाज पूर्ण बंद केला, अक्षरं बंद केली आणि सहाव्या वर्षातला पहिला भाग लावला. त्याला बघायचं होतं की मुलगा परत आला का. पडद्यावर त्याचे ओठ हलत होते. पण आपली वाक्यं त्याला तोंडपाठ होती. ओठ हलले की कानात तेच शब्द यायचे, जुन्या पटकथेतले, भांडणाचे. त्याने नजर थोडी अंधुक करून पाहिली, पडद्यापासून लांब जाऊन पाहिलं. शब्द काही जाईनात.

पुढच्या आठवड्यात त्याने इंजिनिअरबाईंना फोन केला. आता त्या मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होत्या, पण त्याचा फोन लगेच घ्यायच्या.

"नुसत्या ओठांवरून मशीन सांगू शकतं का, माणूस काय बोलला ते?"

"सांगतं सर. पण तीन शब्दांतला एक बरोबर. बाकी अंदाज."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कुणासाठी हवंय?" त्यांनी विचारलं.

"कुणासाठी नाही," तो म्हणाला. "मंगळवारी दुपारी मी मोकळा असतो आता. तुमच्या त्या जुन्या खोलीत कुणी नवं काही करत असेल तर सांगा, येऊन ऐकत बसेन."